तालीमखान्यावरून जाणारी वाट

पुण्याच्या दक्षिण अंगाला गुलटेकडी म्हणून जो भाग आहे, तो आज घाऊक बाजारामुळे उभ्या महाराष्ट्राला ठाऊक झाला आहे. पहाटेच्या अंधारात कांद्याबटाट्यांच्या गाड्या तेथे रित्या होतात आणि उजाडण्यापूर्वीच हमालांच्या पाठीवरून गोणी हलू लागतात. हीच जागा १८५५ साली, वेशीबाहेरचे एक मैदान म्हणून, एका चौदा वर्षांच्या मांग मुलीच्या निबंधात येऊन गेली आहे, आणि ती ज्या प्रसंगाने येते तो एकदा वाचलेल्या माणसाला पुढे त्या बाजारातून निर्विकार मनाने चालणे कठीण जाते. त्या मुलीचे नाव मुक्ताबाई. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत ती तीन वर्षे शिकली होती, आणि 'ज्ञानोदय' पत्राच्या १५ फेब्रुवारी व १ मार्च १८५५ या दोन अंकांतून तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात ती सांगते की, बाजीरावाच्या, म्हणजे दुसऱ्या बाजीराव पेशव्याच्या, अमलात तालीमखान्यासमोरून एखादा मांग अथवा महार चालत गेला, तर त्याचे मस्तक उडवीत आणि मग गुलटेकडीच्या मैदानावर, हाती तलवार घेऊन, त्या मस्तकाने चेंडूचा खेळ खेळत.

अस्पृश्यतेच्या जाचाचे उदाहरण द्यावयाचे तर देवळाची पायरी होती, पाणवठा होता, गावकुसाची वेस होती. आणि या जाचाविषयी पुढे ज्यांनी ज्यांनी लिहिले, त्यांनी बहुधा याच जागा दाखविल्या. या मुलीने मात्र तालीमखाना दाखविला. जेथे पुरुषाला पुरुष करतात, जेथे शरीर घडविणे हीच एक विद्या असते आणि जिचा अभिमान पुण्यातील पेठापेठांतून आजही ओसंडत असतो, त्या जागेच्या दारावरून जाणाऱ्या वाटेकडे तिने बोट केले. माझ्या मते मराठी गद्याच्या इतिहासात ही घटना जितकी मोठी आहे, तितकी ती लष्करी परंपरेच्या इतिहासातही मोठी आहे. आणि ती दोन्ही इतिहासांच्या मधल्या सीमेवर पडल्यामुळेच तिचा पुरता विचार झालेला नाही.

तालीम म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगण्याचे वस्तुतः कारण नाही. ताक, तेल, हळद घालून कमावलेल्या तांबड्या मातीचा हौदा, कोनाड्यातील शेंदरी मारुती, भिंतीला टेकलेली करेल आणि मुदगलांची जोडी, मध्यभागी रोवलेला मल्लखांब, आणि या सर्वांवर हुकूमत चालविणारा वस्ताद, हे चित्र आपल्या अंगवळणी पडलेले आहे. परंतु उत्तर पेशवाईतील तालीम ही केवळ कुस्तीची जागा नव्हती. दांडपट्टा, फरीगदगा, बोथाटी, तलवारीचे हात येथेच गिरवले जात. शिलेदार होऊन स्वतःचे घोडे घेऊन फौजेत दाखल व्हावे, किंवा ते बळ नसेल तर सरकारी घोड्यावर बारगीर म्हणून बसावे, या दोन्ही वाटा तालमीच्या दारातून निघत. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी बाळंभटदादा देवधरांसारखा व्यायामविशारद होता. मल्लखांबाच्या विद्येचे पुनरुज्जीवन त्याच्याच नावावर जमा आहे. अशा रीतीने तालीमखान्याला राजाश्रय होता, आणि राजाश्रयाबरोबर सोवळेही होते. गावोगावची रखवाली मांग, महार, रामोशी यांच्या माथी. किल्ल्याच्या घेऱ्यातील मेटांवर रात्रंदिवस जागायचे ते याच लोकांनी. शत्रू तट चढू लागला तर पहिला वार अंगावर घ्यायचा तोही त्यांनीच. त्यांच्या हातात शस्त्र असावे याला कोणाची हरकत नव्हती. हरकत होती ती शस्त्राबरोबर येणाऱ्या मानाला, आणि तो मान ज्या वास्तूत राहत होता, तिच्यावरून त्यांची सावली जाण्याला.

याच वास्तूच्या उंबऱ्यावर आणखी एक निषेध होता, आणि तो इतका स्वाभाविक मानला गेला होता की त्याचा उच्चार करण्याचीही कोणास गरज भासली नाही. तालमीत बाईने पाऊल टाकू नये. राजघराण्यांची गोष्ट निराळी: १७०० ते १७०७ या काळात औरंगजेबाच्या अफाट फौजेशी झुंज देत राज्य सांभाळणाऱ्या ताराबाईंना, किंवा बिठूरास पेशव्यांच्या आश्रयाला राहून शस्त्रविद्या शिकलेल्या मोरोपंत तांब्यांच्या मुलीला, जिला पुढे झाशीच्या राणीच्या नावाने जगाने ओळखले, कोणी उंबऱ्याशी अडविले नाही. पण अशा अपवादांनी नियम मोडत नसतो, तो अधिकच ठळक होतो. सर्वसाधारण स्त्रीचा फौजेशी संबंध उरला तो वाट पाहण्यापुरता. धनी मोहिमेवर गेला, दसऱ्याचे सोने लुटून लष्कर वेशीबाहेर पडले, की मागे राहिलेल्या बाईच्या वाट्याला आठ महिन्यांचे थांबणे येई.

या थांबण्याचे काव्य मराठीत विपुल आहे. आणि येथेच एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. खर्ड्याच्या १७९५च्या लढाईवर पोवाडा रचणारा अनंत फंदी, रामजोशी, होनाजी, प्रभाकर, परशराम, सगनभाऊ, या शाहीर मंडळींनी एकीकडे पोवाड्यातून रणाची वर्णने केली आणि दुसरीकडे लावणीतून विरहिणीला बोलते केले. सगनभाऊ तर जातीने शिकलगार, म्हणजे ज्यांच्या घरी तलवारींना पाणी आणि धार देण्याचा धंदा, त्यांतला. ज्या हाताने पाते घासले त्याच हाताने त्याने लावण्या रचल्या. रचना मोठी गोड आहे, तिची थोरवी मला कमी करावयाची नाही. तथापि त्या लावणीत बोलणारी स्त्री पुरुषाने कल्पिलेली आहे, फडावर ती पुरुषांपुढे बोलते आणि पुरुषाला जे ऐकावेसे वाटते तेच बोलते. बाई स्वतः जे रचीत होती ते जात्यावर रचीत होती. पहाटेच्या घरघरीत उमटून पिठाबरोबर सांडून जाणाऱ्या त्या ओव्यांना कोणी कारकून बोरू घेऊन सामोरा गेला नाही. युद्धाच्या संस्कृतीने स्त्रीला आवाज दिला, तो उसना. तिचा स्वतःचा आवाज कागदावर यावयाचा होता, आणि तो यावयास राज्य बुडावे लागले.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या माळावर पेशव्यांच्या फौजेचा मोड झाला, त्याच महिन्याच्या १७ तारखेस शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले, आणि फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडला. खडकीच्या लढाईत, परंपरा सांगते त्याप्रमाणे, पुरंदरच्या पायथ्याचा राघोजी साळवे हा मांग लढवय्या कामी आला; त्याचा मुलगा लहुजी तेव्हा ऐन तेविशीत होता. राज्य गेल्यावर शिलेदारांच्या पागा ओस पडल्या, बारगिरांची तैनात तुटली, किल्ल्यांवरील शिबंदीला रजा मिळाली. ज्यांना इनाम-वतने होती ते त्यांच्या सनदा घेऊन एल्फिन्स्टनसाहेबाच्या दप्तरात खेटे घालू लागले. ज्यांच्यापाशी मनगटाखेरीज दुसरे वतन नव्हते, त्यांच्यापैकी ज्याच्या अंगी विद्या होती, तो वस्ताद झाला. आपल्याकडील तालमींचा पसारा वाढला तो फौजा मोडल्यानंतर, या गोष्टीकडे लक्ष दिले म्हणजे त्या संस्थेतील अभिमान आणि दुःख या दोहोंचा उलगडा होतो. जे रणांगणावर गमावले ते हौद्यात जपून ठेवण्याचा तो उद्योग होता.

लहुजीने पुण्यात तालीम घातली. मांगाच्या हाताखाली शिकण्यास कोण येणार, असा प्रश्न बाजीरावाच्या काळात हास्यास्पद ठरला असता. परंतु राज्याबरोबर तालीमखान्याचे सोवळेही सैल झाले होते, आणि या वस्तादाच्या हौद्यात सर्व जातींचे तरुण उतरले. जोतिराव फुले त्यांतले एक; वासुदेव बळवंत फडके हेही त्याच परंपरेत मोडतात. आपण लहुजीबुवांपाशी दांडपट्टा आणि निशाण मारण्याची विद्या शिकलो आणि तिच्यामागे इंग्रजांना घालवून देण्याचा हेतू होता, असे स्वतः जोतिरावांनी १८७३च्या 'गुलामगिरी'त लिहून ठेवले आहे. तो हेतू पुढे त्यांनी टाकला. का टाकला, याचे कारणही त्याच ग्रंथाच्या पानापानांतून मिळते: पेशव्यांचे राज्य परत आले तर ते कोणाचे राज्य असेल, हा प्रश्न त्यांना पडला होता. मांग वस्तादाच्या हौद्यात अंग घुसळून निघालेल्या माणसालाच तो प्रश्न इतक्या तीव्रतेने पडावा, हे मला अर्थपूर्ण वाटते. १८४८ साली बुधवार पेठेतील भिड्यांच्या वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली, आणि १८५२ साली वेताळ पेठेत महार-मांगांच्या मुलांची शाळा सुरू झाली. दांडपट्टा भिंतीला टांगला गेला आणि त्याच्या जागी पाटी आली. पट्ट्याच्या हातात जी शिस्त होती, पवित्रा आधी आणि वार मागाहून ही जी शिकवण होती, ती मात्र पाटीवर उतरली असावी असे मुक्ताबाईचा निबंध वाचताना राहून राहून वाटते.

त्या निबंधाकडे वळण्यापूर्वी थोडे आडवळण घेतले पाहिजे, कारण ज्या भाषेत तो लिहिला गेला तिच्या घडणीवरही लष्कराचा हात फिरलेला होता. १८३१ साली मुंबईत प्रसिद्ध झालेला मराठी-इंग्रजी कोश मोल्सवर्थ यांनी सिद्ध केला. हा गृहस्थ कंपनी सरकारच्या पलटणीतील अधिकारी. त्याला साहाय्य केले ते टॉमस आणि जॉर्ज कँडी या जुळ्या भावांनी, आणि तेही लष्करातलेच. यांपैकी टॉमस, म्हणजे आपले मेजर कँडी, पुढे पुण्याच्या पाठशाळेचे प्रमुख झाले, सरकारी क्रमिक पुस्तकांची भाषा त्यांच्या नजरेखालून जाऊ लागली, आणि स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह ही सारी मंडळी मराठी गद्यात नांदू लागली ती मुख्यत्वे त्यांच्या आग्रहाने. मोडीच्या अखंड, न थांबणाऱ्या ओळीला ज्याने थांबे दिले तो माणूस कवायतीच्या मैदानावरून आला होता. या गोष्टीचा मला विषाद वाटत नाही. भाषेला कोणी शिस्त लावली यापेक्षा त्या शिस्तीचा उपयोग कोणी कशासाठी केला, हे पाहणे अधिक अगत्याचे आहे. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी याच कँडीसाहेबांच्या हस्ते जोतिरावांना शालजोडी देण्यात आली, आणि तो समारंभ झाला विश्रामबागवाड्यात. ज्या बाजीरावाच्या तालीमखान्याविषयी मुक्ताबाईने सव्वादोन वर्षांनी लिहिले, त्या बाजीरावाच्याच राहत्या वाड्यात.

आता निबंध. 'निबंध' ही जातच त्या वेळी नवी होती. १८३२च्या 'दर्पणा'ने जांभेकरांनी वाट पाडली, १८४८पासून लोकहितवादींची पत्रे 'प्रभाकरा'तून येऊ लागली, आणि शाळांतून मुलांना विषय देऊन लिहावयास बसविण्याची चाल मिशनऱ्यांच्या व सरकारी शाळांबरोबर रूढ झाली. पंतोजीच्या जुन्या शाळेत मूल धुळाक्षरे गिरवी, उजळणी म्हणे, पत्रांचे मायने पाठ करी. परंतु तुला काय वाटते ते लिही, असे त्याला कोणी म्हणत नसे. फुले दांपत्याच्या शाळेत ते म्हटले गेले. आणि म्हटले गेले ते कोणाला? जिच्या आजाने चुकून चार अक्षरे वाचली असती तर त्याला शासन झाले असते, अशा घरातल्या मुलीला. आपल्यासारख्या दीनांची, पशूंहूनही हीन लेखलेल्यांची दुःखे सांगण्याचे बळ ईश्वराने आपल्याला द्यावे, अशा आशयाने ती प्रारंभ करते. आणि मग एकदम वादाला उभी राहते. वेद हे ब्राह्मणांचेच असतील, आणि इतरांना ते पाहण्याचाही अधिकार नसेल, तर आम्हांला धर्मपुस्तकच नाही हे उघड झाले. मुसलमान कुराणाप्रमाणे वागतात, इंग्रज बायबलाप्रमाणे वागतात, त्या सर्वांना आपापल्या धर्मात काही तरी सुख आहे. मग आमचा धर्म कोणता, तो देवाने सांगावा म्हणजे आम्ही त्याप्रमाणे वागू. हा युक्तिवाद करताना ती रडत नाही, याचना करीत नाही. प्रतिपक्षाचेच विधान मान्य करून ते त्याच्यावर उलटविणे, हा पट्ट्याच्या खेळातला जुना डाव आहे. तालमीत तिला प्रवेश नव्हता. डाव मात्र तिने आत्मसात केला होता.

मुक्ताबाई ही लहुजींच्या नात्यातली होती असे सांगितले जाते, आणि निबंधातील लष्करी स्मृतींची दाटी पाहता त्या परंपरेला बळकटी येते. तिचा जन्म १८४१च्या आसपासचा. बाजीरावाचे राज्य त्याआधी वीसपंचवीस वर्षे बुडालेले. म्हणजे तालीमखान्याची हकिकत, इमारतींच्या पायात मांगामहारांना तेल-शेंदूर पाजून गाडीत असत ही हकिकत, तिने डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. ती घरातल्या वृद्धांच्या तोंडून ऐकलेली होती. एकाच घरात दोन प्रकारच्या आठवणी सांगितल्या जात असतील, असे मी कल्पितो. खडकीच्या रणात कोण कसा पडला, कोणाचा पट्टा कसा फिरत असे, या आठवणी मुलग्यांनी उचलल्या आणि त्या हौद्यात गेल्या. रस्त्यावरून चालताना मान कोठे खाली घालावी लागे, या आठवणी बायकांच्या चुलीपाशी राहिल्या. त्यांत पराक्रम नव्हता, म्हणून पोवाडाही झाला नाही. लेखणी हाती येताच या मुलीने ही दुसरी आठवण बाहेर काढली. ऐकीव गोष्ट लिहावयास घेतली की ती गोष्ट राहत नाही, तिला कोण, केव्हा, कोठे, का असे विचारावे लागते. राजाचे नाव लिहावे लागते, मैदानाचे नाव लिहावे लागते. लिहिता लिहिता माणूस शिकतो असे आपण सहज म्हणतो. येथे ते शिक्षण अक्षरशः घडताना दिसते: चुलीपाशी जे सोसणे होते, ते कागदावर उतरताच फिर्याद झाले.

आणि या फिर्यादीचा सर्वांत धारदार भाग रणशूरांविषयी आहे. गोखले, आपटे आणि आणखी कित्येक नामांकित घराण्यांची नावे घेऊन ती म्हणते की, घरातल्या घरात उंदीर मारून मर्दुमी दाखविणारे हे वीर निष्कारण मांगमहारांवर चालून जात आणि गरोदर बायकांनाही सोडीत नसत. ज्या शब्दांनी शाहिरांनी सरदारांना गौरविले ते शब्द तिने उचलले आणि त्यांच्या खाली दुसराच हिशेब मांडला. या वाक्यात न्याय किती आणि अतिशयोक्ती किती, याची चिकित्सा इतिहासकारांनी जरूर करावी. बापू गोखल्याचे रणांगणावरील मरण लटके नव्हते, आणि तालीमखान्याच्या हकिकतीलाही कागदोपत्री पुरावा मागणारे मागतीलच. परंतु दप्तर कोणाच्या हातात होते, हेही त्याच वेळी विचारले पाहिजे. पेशवे दप्तरातील हजारो रुमाल ज्यांनी लिहिले, त्यांनी शिलेदारांच्या घोड्यांचा रंग आणि वय टिपून ठेवले. रस्त्याने जाणाऱ्या मांगाची नोंद ठेवण्याचे त्यांना प्रयोजन नव्हते. शौर्याचे मोजमाप समोरच्या शत्रूवरून न करता आपल्याच गावातील दुबळ्यांवरून करावे, आणि त्या दुबळ्यांतही पोटुशी बाई अगोदर मोजावी, ही दृष्टी मराठी लेखनात तोवर कोणी आणलेली नव्हती. ती आणणारीचे वय चौदा होते.

बायकांच्या बाळंतपणाविषयी ती जे लिहिते ते वाचताना मी दर वेळी थांबतो. डोक्यावर छप्पर नाही, पाऊस आणि थंडी अंगावर, वैद्याला द्यावयास पैसा नाही. अशा स्थितीत आमच्या बायका बाळंत होतात, आणि तिने सुचविले आहे की ज्याने स्वतः हे भोगले नाही त्याला हे कळणे नाही. उच्चवर्णीयांच्या मुलांनी दगड मारून रक्त काढले तरी मांगमहारांची मुले सरकारात जात नाहीत, कारण उष्टे आणावयास त्याच दारी जावे लागते, हेही तिने लिहिले आहे. तीनच वर्षे शाळेत गेलेल्या मुलीने भुकेचा आणि भीतीचा संबंध एका वाक्यात असा जोडून दाखवावा, याला मी प्रतिभा म्हणतो. तिने आपल्या लोकांनाही सोडलेले नाही: वरच्यांचे पाहून महारही मांगांना हलके मानू लागले, हे शल्य तिने झाकून ठेवले नाही, आणि शेवटी ज्ञानरूपी औषध घ्या म्हणून दोन्ही जातींना हात जोडले आहेत. १८५४ साली सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा संग्रह निघाला होता. गुरूने कविता छापल्यावर पुढच्याच वर्षी शिष्येने निबंध छापावा, असे भाग्य त्या काळच्या फार थोड्या शाळांना लाभले असेल.

शस्त्राकडून लेखणीकडे येणारी ही वाट एकट्या मुक्ताबाईची राहिली नाही. १८५६ साली जोतिरावांना मारण्याची सुपारी घेऊन दोघे जण रात्री त्यांच्या घरात शिरले. त्यांपैकी धोंडिराम नामदेव कुंभार हा पुढे त्यांच्याच शाळेत शिकून पंडित झाला आणि त्याने 'वेदाचार' हे पुस्तक लिहिले, असे चरित्रकार सांगतात. कंपनीच्या पलटणींतून तर ही वाट चांगली रुंद झाली होती. तेथे शिपायांच्या मुलांना, आणि मुलींनाही, शिक्षण सक्तीचे होते. या गोष्टीचे महत्त्व डॉ. आंबेडकरांनी आवर्जून सांगितले आहे, आणि त्यांना ते सांगण्याचा अधिकार होता, कारण त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेचे चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. कोकणात दापोलीला, जिला जुने लोक अजून कॅम्प म्हणतात, निवृत्त शिपायांची जी वस्ती झाली तिच्यात अक्षर ओळखणारी घरे होती. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर हे पलटणीतून निवृत्त होऊन तेथे आले, आणि १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिले. त्या पुस्तकाची रीत प्रश्नांची आहे, एकामागून एक प्रश्न विचारून शास्त्रीबोवांना निरुत्तर करण्याची, आणि तिचे मूळ शोधू गेल्यास १८५५च्या 'ज्ञानोदया'पर्यंत हात पोचतो. १८९०नंतरच्या वर्षांत लढाऊ जातींचे नवे शास्त्र निघून महारांची भरती बंद झाली, तेव्हा याच पेन्शनरांनी सरकारकडे अर्ज केले. भरती बंद झाल्याने नोकरी गेली, हे दुःख त्या अर्जांत आहेच. पण नोकरीबरोबर शाळाही गेली, आणि शाळेबरोबर घरातल्या मुलीची पाटी गेली, हा तोटा अर्जांतून मांडला गेला नाही. तो मांडावयास एखादी मुक्ताबाई हवी होती.

तिच्या नावावर आज हा एकच निबंध आहे. लहुजी वस्तादाची समाधी संगमवाडीला आहे; १७ फेब्रुवारी १८८१ रोजी लहुजीबुवा वारले, आणि त्या दिवशी लोक तेथे फुले घेऊन जातात. शाळा सुरू झाल्या त्या काळात हा साठीकडे झुकलेला पहिलवान आणि त्याच्यासमवेत राणबा महार, हे दोघे मांगवाड्या-महारवाड्यांतून घरोघर हिंडून मुलांना शाळेत पाठवा म्हणून आईबापांना विनवीत असत. फुल्यांच्या शाळेवर दगड आणि शेण पडत होते, तेव्हा वाटेवर या तालमीच्या पोरांचा पहारा असे, अशीही आठवण सांगतात. पेठेतली ती सकाळ मी डोळ्यांसमोर आणतो: हौद्यातली मेहनत आटोपून अंगावरची माती न झाडता वस्ताद दाराशी येऊन उभा आहे, रस्त्याने पोरे चालली आहेत, आणि त्यांच्यात, वेताळ पेठेच्या रोखाने, काखेत पाटी धरून एक मांगाची पोर तालमीसमोरून जात आहे.